शून्यावर न येणारा काटा

तुमच्या हाताशी चावीचं क्रोनोग्राफ घड्याळ असेल, म्हणजे बॅटरीवर न चालणारं, कडेला दोन बटणं असलेलं, तर वाचता वाचता एक परीक्षा करून बघा. वरचं बटण दाबून मधला लांब सेकंदकाटा सुरू करा. वीसेक सेकंद झाले की त्याच बटणाने थांबवा आणि मग खालचं बटण दाबा. काटा उडी मारून बाराच्या खुणेवर यायला हवा. आता हेच पुन्हा करा, पण या वेळी काटा पंचेचाळिसाच्या पुढे जाऊ द्या. असं आठ-दहा वेळा करून काटा दर वेळी नेमका कुठे येऊन थांबतो ते कागदावर लिहून ठेवा.

लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. "कधीकधी शून्यावर येत नाही हो," असं म्हणत लोक घड्याळ आणतात तेव्हा मी आधी विचारतो, कधी येत नाही आणि कितीने येत नाही? या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं तर मागचं झाकण उघडण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं. बहुतेकांकडे उत्तर नसतं. त्यांच्याकडे फक्त वैताग असतो.

मी पोटापाण्यासाठी घड्याळजी नाही. नोकरी संगणकाची, आणि हा उद्योग रात्रीचा, बेसमेंटमधला. पेनसिल्व्हेनियात राहिल्याचा हा परिणाम म्हणा. इथे लँकेस्टरला हॅमिल्टन कंपनी 1892 मध्ये सुरू झाली आणि तिने रेल्वेवाल्यांची घड्याळं बनवून नाव कमावलं. तिथून जवळच कोलंबिया नावाच्या लहानशा गावात घड्याळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एका पावसाळी रविवारी मुलांना घेऊन तिथे गेलो. मुलं कंटाळली, मी अडकलो. तेव्हापासून गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत कुणीतरी खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढतंच.

तर, शून्य म्हणजे काय ते आधी बघू. क्रोनोग्राफमध्ये खरं तर दोन यंत्रं असतात. खालचं यंत्र वेळ दाखवतं आणि ते कधी थांबत नाही. त्याच्या पाठीवर दुसरं यंत्र बसवलेलं असतं, स्टॉपवॉचचं. बटण दाबलं की ते खालच्या यंत्राला जोडलं जातं, पुन्हा दाबलं की सुटतं. या दुसऱ्या यंत्राच्या काट्याला शून्यावर परत कसं आणायचं, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बराच काळ अडून होता. 1821 मध्ये पॅरिसला निकोला रियुसेकने घोड्यांच्या शर्यतीसाठी जे यंत्र वापरलं, ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. शर्यत संपली की तबकडी पुसायची. शून्य म्हणजे पुसणं, अशी ती व्यवस्था.

1844 मध्ये अ‍ॅडॉल्फ निकोलने लंडनमध्ये वेगळ्या युक्तीचं पेटंट घेतलं, आणि तीच युक्ती आजही चालते. काट्याच्या आसावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची छोटी पोलादी चकती बसवायची. खालचं बटण दाबलं की एक हातोडी येऊन त्या बदामाच्या कडेवर दाब देते. बदामाच्या दोन्ही बाजू घसरत्या असल्यामुळे चकती गर्रकन फिरते आणि हातोडीचा सपाट पाय बदामाच्या खाचेपाशी येऊन टेकतो. काटा वीस सेकंदांवर असो की पन्नासवर, चकती जवळच्या बाजूने फिरून त्याच एका जागी येते. वीसवरून काटा मागे जातो, पन्नासवरून पुढे. म्हणून वरच्या परीक्षेत दोन्ही बाजूंनी बघायला सांगितलं. आणि बऱ्याच जुन्या स्विस यंत्रांत हातोडी दाब देऊन निघून जात नाही. तुम्ही पुन्हा सुरू करेपर्यंत ती बदामावर पाय रोवून उभी असते. तिथे शून्य म्हणजे काही नसणं नाही. एक जण दाबून धरतोय म्हणून ते शून्य आहे.

आता तुमचा कागद बघा.

काटा दर वेळी एकाच जागी येतो, पण ती जागा चुकीची आहे, समजा दर वेळी दोन सेकंद पुढे. मग बदाम ठीक आहे, हातोडीही ठीक आहे. काटा आसावर बसवताना जरा तिरका बसलाय, एवढंच. घड्याळजी तो उपसून पुन्हा बसवेल. काटा दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, कधी एक सेकंद पुढे, कधी तीन मागे, तर तो आसावर सैल झालाय. हातोडीचा झटका बसला की आस नेमका जागी येतो, पण काटा त्याच्यावर घसरतो. आणि बटणच जर आत नीट जात नसेल, घामाने आणि धुळीने चिकट झालं असेल, किंवा आतलं तेल वाळून मेणासारखं झालं असेल, तर हातोडी अर्ध्या वाटेत थांबते. हा सगळ्यांत सामान्य दोष आणि उपाय सगळ्यांत कंटाळवाणा: सगळं सुटं करून धुणं.

या पहिल्या दोन दोषांमधला फरक मला घड्याळाबाहेरही महत्त्वाचा वाटत आलाय. ठरावीक चूक करणाऱ्या यंत्राबरोबर माणूस संसार करू शकतो. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 चं यान बिघडलं, तेव्हा परतीची दिशा सुधारायला चंद्रयानाचं इंजिन चौदा सेकंद चालवायचं होतं. जॅक स्विगर्टने ते मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजलं. समजा त्याचा काटा शून्याऐवजी दोनवरून निघाला असता, तर सोळावर थांबा म्हणायचं, संपलं. पण सैल काटा असता, तर त्या चौदा सेकंदांचा भरवसा कुणी द्यायचा?

मुंबईकरांना हे सांगायला नको. 1906 च्या सुरुवातीला भारताची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने स्वतःची वेळ सोडली नाही. सूर्याला धरून चालणारी ती 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती, आणि महापालिकेने ती 1955 पर्यंत चालवली. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहरात दोन शून्यं होती. रेल्वे एका वेळेने, पालिका दुसऱ्या. लोकांची गैरसोय झालीच, पण फसवणूक कुणाची झाली नाही, कारण 39 हा आकडा हमालापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. आपल्या घरांमध्येही अशी माणसं असतात. एखादी मावशी प्रत्येक गोष्टीत पाच टक्के कटू बोलणार हे ठरलेलं. ते वजा करून आपण तिच्यावर जीव लावतो. जपून राहावं लागतं ते सैल काट्याच्या माणसापासून, जो आज अगदी शून्यावर असतो आणि उद्या का चिडला ते त्यालाही सांगता येत नाही.

बॅटरीच्या क्रोनोग्राफबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण निम्मे प्रश्न त्याच घड्याळांचे असतात. बॅटरी बदलल्यावर काटा शून्यावर आला नाही तर बहुतेक घड्याळांत किल्ली बाहेर ओढायची आणि बटण दाबत दाबत काटा एकेक घर पुढे न्यायचा. बाराच्या खुणेवर आला की किल्ली आत. घड्याळ मानतं की हेच शून्य. त्या घड्याळाला शून्य माहीत नसतं. तुम्ही सांगाल ते शून्य. सोय मोठी आहे आणि त्यात गैर काही नाही. पण चावीच्या घड्याळाला असं सांगता येत नाही. त्याचं शून्य पोलादात कापलेलं असतं.

आणि तरीही चावीच्या घड्याळातसुद्धा शून्य नुसतं दाखवता येतं. हातोडी बदामावर पूर्ण टेकत नाहीये हे कळूनही घड्याळजी ते तसंच सोडून, काटा उपसून बाराच्या खुणेवर बसवून देऊ शकतो. गिऱ्हाईक काउंटरवर एकदा बटण दाबून बघतं, काटा खुणेवर येतो, पैसे देऊन जातं. ही दुरुस्ती की लबाडी? वाचल्याबरोबर तुम्ही 'लबाडी' म्हणाला असाल. मीही बराच काळ हाच प्रश्न मनात घोळवत होतो, आणि एका घड्याळाने तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड करून ठेवला.

घड्याळ एका ओळखीच्या गृहस्थांचं, न्यू जर्सीतल्या. सांगलीचे. त्यांचे वडील शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि मुंबईच्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याकडून त्यांनी हे जुनं स्विस क्रोनोग्राफ विकत घेतलं होतं, हाताने चावी द्यायचं, दोन छोट्या तबकड्यांचं. वडील गेले. गृहस्थ 1987 पासून अमेरिकेत. धाकटा भाऊ सांगलीतच, आणि शेवटची अकरा वर्षं वडिलांचं सगळं त्याने केलं. पैसे इथून जात होते: गुडघ्याचं ऑपरेशन, रात्रीचा माणूस, औषधं. गृहस्थांच्या संगणकात त्याची तारीखवार नोंद आहे. वडिलांच्या दिवसकार्यानंतर त्यांनी घरावरच्या आपल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून धाकट्याच्या नावे पाठवून दिलं, म्हणाले, "आता हिशोब शून्य." धाकटा फोनवर "बरं" म्हणाला. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्याने हे घड्याळ पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर सात-आठ महिने दोघांत सणावाराच्या संदेशापलीकडे बोलणं नव्हतं.

घड्याळाची तक्रार अशी: सेकंदकाटा उत्तम. पण छोट्या तबकडीवरचा मिनिटांचा काटा, जो तीस मिनिटं मोजतो, तो कधी शून्यावर येतो आणि कधी सरळ 28 वर जाऊन बसतो. गृहस्थ ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटं चालतात, त्यासाठी त्यांनी ते लावायला घेतलं होतं. मी त्यांना कागद दिला. आठवडाभराने कागद परत आला, आणि तो वाचताना मला जो आनंद झाला तो इथे सांगून तुम्हाला कळेल की नाही, शंका आहे. पंधरा मिनिटांच्या आत थांबवलं तर काटा दर वेळी शून्यावर. पंधरा मिनिटांच्या पुढे थांबवलं तर दर वेळी 28 वर. एकही अपवाद नाही.

याचा अर्थ काटा सैल नव्हता. अशा अनेक जुन्या यंत्रांत हातोडी एकच, पण तिला दोन पाय असतात. एक सेकंदाच्या बदामावर पडतो, दुसरा मिनिटाच्या. दोन्ही पाय एकाच क्षणी पूर्ण टेकले तरच दोन्ही काटे शून्यावर येतात. सेकंदाचा पाय केसभर आधी टेकला तर हातोडी तिथेच अडते आणि मिनिटाचा पाय अधांतरी राहतो. मिनिटाचा बदाम मग शेवटपर्यंत फिरत नाही, एक घर अलीकडे थांबतो. मागे येताना थांबला तर शून्याच्या एक घर पुढे, पुढे जाताना थांबला तर एक घर मागे. म्हणजे काटा 1 वर किंवा 29 वर दिसायला हवा होता. तो 0 आणि 28 दाखवत होता. तेव्हा काटा कुणीतरी मुद्दाम एक घर मागे सरकवून बसवलेला होता.

"म्हणजे बाबांना फसवलं कुणीतरी," गृहस्थ म्हणाले.

झाकण उघडलं तेव्हा हातोडी मूळची नाही हे भिंगाखाली दिसत होतं. तिच्या पोलादाचा रंग आणि घासणीच्या रेघा शेजारच्या भागांशी जुळत नव्हत्या. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या घड्याळातून काढून बसवलेली. उपाय एकच होता: सेकंदाच्या पायाची कड किंचित घासायची, म्हणजे मिनिटाच्या पायाला खाली यायला जागा मिळेल. पण किती घासायचं हे घासल्यावरच कळतं, आणि जास्त घासलं तर मिनिट दुरुस्त होऊन सेकंद बिघडतं. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं, घासण्याआधी मला या घड्याळाचा इतिहास हवाय. कधी पडलं, कुठे उघडलं, काय बदललं. "तो धाकट्यालाच माहीत असणार," ते म्हणाले आणि गप्प झाले.

मध्ये थोडं विषयांतर करतो, कारण एक हातोडी आणि दोन पाय हे त्यांच्या घरात काय चाललंय याचंच चित्र आहे, हे मला त्या वेळी टाळता आलं नाही. एका भावाचा हिशोब डॉलरांत, दुसऱ्याचा रात्रींमध्ये. हक्कसोडपत्राची हातोडी पडली, तिचा पैशांचा पाय घट्ट टेकला, आणि तो टेकला म्हणूनच दुसरा अधांतरी राहिला. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच होतं. आपण रक्कम वाढवत जातो, आणि रक्कम जितकी चोख तितकी तिकडची शांतता वाढत जाते. पैसे पाठवणं खोटं नसतं. गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशांत झालेलं असतं. पण 'हिशोब शून्य' हे वाक्य एकट्याला म्हणता येतं का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. इथल्या दिवाळखोरीच्या कायद्यात नव्याने सुरुवात करू देणं हे मोठं तत्त्व मानलं जातं. 1934 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकल लोन कंपनीच्या खटल्यात ते ठसठशीत मांडलं. क्रेडिट कार्डं, दवाखान्याची बिलं, सगळं एका निकालात मिटू शकतं. पण मुलांच्या पालनपोषणाची थकलेली रक्कम मिटत नाही, घटस्फोटित जोडीदाराची पोटगी मिटत नाही. हातोडी पडते, आणि कायदाच सांगतो की हे काटे शून्यावर येणार नाहीत. आपल्याकडे ऋणांची विभागणी आणखी जुनी आहे. त्यातलं पितृऋण तर ज्याचं आहे त्याला परत करायचंच नसतं. ते पुढच्या पिढीकडे चुकवायचं असतं. तिथे पावती कोण देणार?

आणि शून्यावर आणण्याची घाई झाली की काय होतं, तेही आपल्याच मुलखात घडून गेलंय. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. पुढे ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. रोखा जाळला की कर्ज शून्य, हा हिशोब कुणालाही समजण्यासारखा आहे. पण 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यातली मला सगळ्यांत शहाणी वाटणारी तरतूद वेगळी आहे. न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यावर थांबायचं बंधन राहिलं नाही. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा: मुद्दल किती होतं, व्याज कसं चढलं, काय फेडलं, काय पुन्हा लिहून घेतलं. काटा कुठे आहे हे न बघता तो तिथे कसा आला ते बघायचं. त्यासाठी दोन्ही पक्षांना बोलावं लागतं.

तर धाकट्याला फोन झाला. मी तिथे नव्हतो. गृहस्थांनी नंतर सांगितलं. विषय घड्याळाचा असल्यामुळे सुरुवात सोपी गेली. 1991 मध्ये शाळेच्या मैदानावर घड्याळ वडिलांच्या हातून पडलं. मिरजेच्या एका घड्याळजीकडे नेलं, तेव्हा धाकटा सायकलवरून बरोबर होता. हातोडी मोडली होती. सुटा भाग मिळेना, म्हणून त्याने मोडीतल्या घड्याळातली बसवली. मग त्याने वडिलांना समोर बसवून सगळं दाखवलं: मास्तर, सेकंद बरोबर येतो, मिनिटाचा पाय पुरत नाही. घासायला गेलो आणि हात चुकला तर सेकंदही जाईल. तुम्ही मोजता काय? वडील म्हणाले, पोरांची आठशे आणि पंधराशे मीटरची शर्यत. पंधरा मिनिटांच्या आत संपते ना? संपते. मग काटा एक घर मागे लावून देतो, तुमच्यापुरतं शून्य बरोबर दिसेल. लांबचं मोजायला जाऊ नका.

"दादा, फसवलं कुणी नाही," धाकटा म्हणाला, "बाबांना माहीत होतं. मला माहीत होतं. तुलाच माहीत नव्हतं."

हे ऐकल्यावर माझा तो जुना प्रश्न पहिल्यासारखा राहिला नाही. तोच काटा, तेच एक घर, तोच न टेकणारा पाय. मिरजेच्या दुकानात ती प्रामाणिक दुरुस्ती होती आणि न्यू जर्सीत ती लबाडी दिसली. धातूत काहीच बदललं नव्हतं. मधल्या काळात ज्यांच्यात ते ठरलं होतं त्यांतला एक माणूस गेला, आणि दुसऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. मुंबईचे 39 आणि मिरजेचं एक घर यांत तत्त्वतः फरक नाही. 39 भिंतीवर लिहिलेलं होतं आणि हे एक घर दोन माणसांच्या डोक्यात होतं. तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यांना सांगितलं की काहीही खपतं? तसं नाही. घड्याळजीने आधी ते काय मोजतात हे विचारलं, मग काटा सरकवला. उलट क्रमाने केलं असतं तर सांगूनही ती पळवाटच राहिली असती. आणि वडिलांऐवजी एखादा डॉक्टर किंवा वैमानिक समोर बसला असता तर त्याने घड्याळ परत करायला हवं होतं, असं माझं मत आहे.

अमेरिकेत येऊन आपण शून्यापासून सुरुवात केली, असं आपण पार्ट्यांमध्ये सांगतो. दोन सूटकेसा, खिशात इतके डॉलर, वगैरे. सांगताना आवाजात अभिमान असतो, आणि तो रास्तही आहे. पण ते शून्य तिकडे कुणीतरी दाबून धरलं होतं म्हणून स्थिर राहिलं. आपण इकडे घरभाडं आणि व्हिसा मोजत होतो तेव्हा तिकडे रात्री उठून बेडपॅन देणारं माणूस होतं, आणि ते होतं म्हणून आपला काटा निर्धास्त पुढे पळाला. याची टोचणी लावून घ्यावी असं माझं म्हणणं नाही. टोचणीतून बहुतेक वेळा आणखी एक रक्कम पाठवली जाते. पण निदान हातोडी कुणाच्या हातात होती, एवढं तरी ठाऊक असावं.

फोन दीड तास चालला म्हणे. त्यात घड्याळाची वीस मिनिटं. हक्कसोडपत्राचं विचारल्यावर धाकटा म्हणाला की ते त्याने नोंदवलेलंच नाही, टेबलाच्या खणात पडलंय. का, ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दोघांत सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. मधे एकदा आवाज चढले होते, रात्रीच्या माणसाचा पगार कुणी ठरवला यावरून.

घड्याळाचं काय करायचं हे गृहस्थांनी मला फोनवर विचारलं. मी सांगितलं, घासून बघायची माझी तयारी आहे, दहातले सात वेळा जमेल. ते म्हणाले, थांबा, धाकट्याला विचारतो. दुसऱ्या दिवशी निरोप आला: "तो विचारतोय, तू त्यावर काय मोजणार आहेस?"

मी सगळे भाग सुटे करून धुतले, ताजं तेल दिलं, बटणांच्या नळ्या साफ केल्या. हातोडी होती तशी बसवली. मिनिटाचा काटाही मिरजेच्या माणसाने ठेवला होता त्याच घरात. घड्याळाच्या पेटीत झाकणाखाली मी एक चिठ्ठी ठेवलीय, मराठीत: सेकंद बरोबर. मिनिटं पंधराच्या आत बरोबर. पुढे गेल्यास काटा 28 वर थांबेल. 1991 पासून. अधिक माहिती सांगलीत. खाली धाकट्याचा फोन नंबर लिहायला जागा सोडली होती. ती गृहस्थांनी स्वतः भरली.